ब्रेकच्या धुळीतली चार मिनिटं

ठाकुर्लीच्या पुलाचा उतार जिथे संपतो, तिथे नोव्हेंबरातल्या एका सकाळी योगिनी कुडतरकर एका तिपाईला धरून उभी होती. तिपाईवर जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन होतं आणि त्याच्या छोट्या पडद्यावर आकडे बदलत होते. येणारा-जाणारा थबकून चौकशी करत होता. एकाला वाटलं फुकटात बीपी तपासतायत. एका रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, "मॅडम, पूल पाडणार काय?" त्याला नाही म्हणेपर्यंत दुसऱ्याने शर्टाची बाही वर करून हात पुढे केला होता.

योगिनी सव्वीस वर्षांची. राहणार डोंबिवली पूर्व. ठाण्याच्या एका कॉलेजात ती पीएचडी करत होती आणि तिचा विषय होता मोटरसायकलच्या ब्रेकमधून उडणारी धूळ. सायलेन्सरच्या धुराला सगळेच शिव्या घालतात. पण ब्रेक दाबला की आतलं लायनर झिजतं, आणि झिजलेलं जातं कुठे? हवेत. लोखंडाचे, तांब्याचे असे बारीक कण, की डोळ्याला दिसत नाहीत पण छातीत मुक्काम करतात. उतारावर सगळेच ब्रेक दाबतात, म्हणून तिने हा उतार निवडला होता. तिच्या आईला हा विषय अजिबात पटलेला नव्हता. "स्थळ आलं तर काय सांगू गं? मुलगी रस्त्यावर उभी राहून दुसऱ्यांचे ब्रेक झिजताना बघते?"

पडद्यावर धुळीचा आकडा सत्तर-ऐंशीच्या आसपास रेंगाळत होता. अचानक तो उसळला. तीनशे… सातशे… अकराशे चाळीस!

योगिनीने रस्त्याकडे पाहिलं. ट्रक नाही, बस नाही, कचरा जाळलेला नाही. मग तिच्या नाकात काहीतरी जळकं, लोखंडी शिरलं आणि ती गर्रकन मागे वळली. चार पावलांवर 'मढवी ऑटो' अशी पाटी होती. पाटीखाली एक तरुण उकिडवा बसून स्कूटरच्या उघड्या चाकावर एअर गनने हवा मारत होता. फुस्स! काळपट ढग उठला, वाऱ्यावर बसला आणि थेट योगिनीच्या पिस्ता रंगाच्या ओढणीवर येऊन उतरला.

"अहो! अहो मिस्टर!"

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. चेहरा असा माखलेला, की डोळे आणि दात एवढेच काय ते माणसाचे.

"पंक्चर का?"

"पंक्चर नाही! तुम्ही आत्ता काय उडवलंत?"

"धूळ. ड्रम साफ केला ना, ब्रेकचा."

"आणि ती कुठे गेली?"

त्याने ओढणीपासून तिच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत नीट पाहणी केली. "तुमच्यावर," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मग घाईघाईने उठून त्याने चिंधी पुढे केली. ती चिंधी ओढणीपेक्षा चौपट काळी होती. योगिनीने ती रागाच्या भरात घेतली, नाक पुसलं, आणि समोरच्या स्कूटरच्या आरशात स्वतःला बघून तिला रडावं की हसावं तेच कळेना. तो मात्र ओठ दाबून आभाळाकडे बघत होता.

"हसा, हसा. माझी सकाळची सगळी मोजणी बिघडवलीत."

"किती भरला आकडा?"

"अकराशे चाळीस."

"आणि एरवी?"

"सत्तर-ऐंशी."

"मग मी जिंकलो की!"

त्याचं नाव धनेश मढवी. ठाकुर्लीचा मूळचा रहिवासी. इमारती यायच्या आधी त्याच्या आजोबांची भातशेती होती, त्यातल्या उरलेल्या तुकड्यावर वडील सीताराम मिस्त्री यांनी हे गॅरेज टाकलं होतं. हे सगळं योगिनीला चहा पिताना कळलं. चहाला तिने नको म्हटलं होतं, पण तो आलाच होता. आणि तो पिता पिता तिच्या डोक्यात एक विचार वळवळायला लागला. चार पावलांवर अकराशे चाळीस, तर या माणसाच्या नाकाशी किती?

"दहा दिवस असंच एक छोटं मशीन घालाल का?" तिने विचारलं. "कमरेला डबी, कॉलरला नळी. सकाळी मी येऊन लावीन, रात्री आठला तुम्ही काढून चार्जिंगला लावायचं."

"लावायला तुम्ही येणार?"

"हो. कॉलरला नेमकी नाकापासून एका वितीवर लागते. तुम्हाला नाही जमणार."

"नाहीच जमणार," धनेश तत्परतेने म्हणाला.

आतून खोकण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सीताराम मिस्त्री आले. सावळे, ताठ, कानावर पेन्सिल. "म्युन्सिपालटीची काय गो तू? गॅरेज बंद करायला आलीस?"

"नाही हो काका, कॉलेजची आहे. गॅरेजचं नाव कुठेही येणार नाही."

"दहा दिस. अकराव्या दिसाला दिसलीस तं मशीन भंगारात." एवढं बोलून ते स्कूटरपाशी बसले, ड्रमवर वाकले आणि तोंडानेच फूऽऽ करून धूळ उडवली. मग पुन्हा खोकले.

योगिनीने दोन पानी संमतीपत्र काढलं. मशीन काय मोजतं, कुठे कुठे गेलं हेसुद्धा कसं नोंदवतं, तक्रार असेल तर कुणाच्या कुठल्या पत्त्यावर करायची, सगळं त्यात लिहिलेलं होतं. "वाचून सही करा."

"तुमच्यावर विश्वास आहे," म्हणत धनेशने दोन्ही पानांवर सही ठोकली.

*

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा योगिनीने त्याला आधी ओळखलंच नाही. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. ड्रम खोलायला इस्त्रीचा शर्ट घालणारा मेकॅनिक अख्ख्या ठाणे जिल्ह्यात तो एकटाच असावा.

"हलू नका," ती नळी अडकवत म्हणाली.

"हललो नाही. श्वास घेतला."

"तो घ्या. त्यासाठीच लावलंय."

"जोरात घेऊ की हळू?"

"नेहमीसारखा."

"नेहमीसारखा आत्ता येत नाहीये…"

योगिनीने नळी अडकवली, क्लिप उलटी लागली म्हणून काढली, पुन्हा लावली. एका क्लिपला एवढा वेळ लागू नये हे तिलाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "तुम्हाला गाडी येते?" ती म्हणाली, "नाही, भीती वाटते." तो म्हणाला, "ब्रेकवर एवढा अभ्यास करून?" चौथ्या दिवशी तिने त्याला मास्क आणून दिला. दुपारी त्याने फोन करून सांगितलं, "मास्क घातला की गिऱ्हाईकांना वाटतं मी डॉक्टर आहे. एक मावशी गुडघा दाखवून गेली." पाचव्या दिवशी क्लिप पुन्हा उलटी लागली.

सहाव्या दिवशी मात्र बिनसलं. सीताराम मिस्त्रींनी तिच्यासमोरच ड्रमवर फुंकर मारली आणि मग एवढा खोकला आला, की खांब धरून उभं राहावं लागलं. योगिनीला राहवलं नाही.

"काका, नका हो फुंकू. ओल्या चिंधीने पुसलं तरी साफ होतं."

"ओल्या चिंधीनं लादी पुसतात. मी तीस वर्सं फुंकतो."

"म्हणूनच तीस वर्षं खोकताय!"

गॅरेजात सगळं थांबलं. धनेशच्या हातातला पाना तसाच राहिला. मिस्त्रींनी तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "उद्यापासून माझ्या दारात यायचं नाही, बाय."

ती आलीच नाही. म्हणजे दारात नाही. सातव्या दिवशी सकाळी धनेशच चार पावलं चालून पुलाच्या पायथ्याशी आला आणि मान वर करून उभा राहिला. उरलेले चारही दिवस योगिनीने भर रस्त्यात, रिक्षा स्टँडच्या साक्षीने, त्याच्या कॉलरला नळी लावली. "आज पण माळ घातली का?" रिक्षावाले ओरडायचे. "अक्षता आणू काय?" योगिनी कानापर्यंत लाल व्हायची. धनेश मान वरच ठेवायचा, कारण खाली बघितलं तर ती दिसायची.

"बाबांचं मनावर घेऊ नका," शेवटच्या दिवशी तो म्हणाला.

"चूक माझीच. असं तोंडावर नको होतं बोलायला. कसे आहेत ते?"

"बोलत नाहीत माझ्याशी."

"का?"

"आहे एक कारण," म्हणून तो निघून गेला.

*

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत कॉलेजचं संशोधन केंद्र होतं. तिथे योगिनीच्या मार्गदर्शक डॉ. मृणाल गाडगीळ यांच्यासमोर तिने दहा दिवसांचा हिशोब मांडला. खोलीत आणखी पाच-सहा विद्यार्थी होते, भिंतीवर प्रोजेक्टरने मोठा नकाशा दाखवला होता आणि त्यावर धनेशचे दहा दिवस लाल ठिपक्यांनी उमटले होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ, की त्यांच्यासमोर खोकायलाही संकोच वाटावा. "दोन गोष्टी समजल्या नाहीत. सातव्या दिवसापासून आकडे एकदम खाली का आले? आणि हे काय आहे?" त्यांनी काठी डोंबिवली पूर्वेवर ठेवली. "रोज संध्याकाळी पावणेसात वाजता हा गृहस्थ ठाकुर्लीहून इथे येतो, चार मिनिटं थांबतो आणि परत जातो. दहाही दिवस. इथे गॅरेज आहे का?"

"नाही मॅडम."

"सिग्नल?"

"नाही."

"मग काय आहे?"

"इमारत आहे…"

"कोणाची?"

योगिनीने पाण्याची बाटली उघडली, बंद केली. "आमची."

मागे कुणीतरी खुर्चीवरून पडता पडता वाचलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"योगिनी, ही नोंद तशीच ठेवली तर परीक्षक विचारणार की तू आणि तो मिळून मोजणी केलीत का. काढून टाकली तर ती लबाडी. तेव्हा त्या चार मिनिटांचं कारण त्याच्याकडून लेखी आण, सहीनिशी. नाहीतर दहाच्या दहा दिवस बाद."

ठाणे स्टेशनपर्यंत योगिनी चालत गेली ती कशी, हे तिला आठवत नाही. राग येत होता. हसू येत होतं. पावणेसातला आपण गॅलरीत वाळलेले कपडे काढायला येतो, केस कसेही बांधलेले असतात, आणि एकदा तर आपण दोरीवरचा टॉवेल तोंडात धरून चिमटे काढत होतो, हे आठवून तर तिला रिक्षाखालीच जावंसं वाटलं.

*

"टेस्ट राइड," धनेश म्हणाला. मिस्त्री बाहेर गेलेले बघून योगिनी त्या चार मिनिटांचा जाब विचारायला गॅरेजात शिरली होती.

"रोज?"

"ब्रेक बसला की नाही बघायला उतार लागतो."

"उतार तुमच्या दारात आहे! आमच्या गल्लीत साधा स्पीडब्रेकर नाही."

"तेच चार मिनिटं शोधत होतो…"

"आणि पत्ता कुठून मिळाला?"

"त्या संमतीपत्रावर होता. दुसऱ्या पानावर, खाली."

"तुम्ही वाचलं नव्हतं ना ते?"

"तेवढंच वाचलं."

योगिनीने भांडायला तोंड उघडलं आणि तिची नजर भिंतीवर गेली. एअर गनच्या खिळ्यावर एअर गन नव्हती. खाली बादली, ब्रश, ओल्या चिंध्या होत्या.

"हे कधीपासून?"

"तुम्ही दारात यायचं बंद झालं तेव्हापासून. गन लपवून ठेवली. म्हणून बाबा बोलत नाहीत." तो ब्रशकडे बघत पुढे म्हणाला, "तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मला पण माहीत होतं. रोज रात्री त्यांचा खोकला मीच ऐकतो. पण कुणी आकडा दाखवला नव्हता."

योगिनीचा राग तिथेच विरघळला. आता तिला फक्त त्याच्याकडे बघायचं नव्हतं, कारण बघितलं असतं तर सगळं तोंडावर दिसलं असतं.

तेवढ्यात मिस्त्री आत आले. योगिनीला बघून थबकले. तिने बॅगेतून दोन कागद काढले आणि बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर उंच उंच सुळके. दुसऱ्यावर जवळजवळ सपाट रेघ.

मिस्त्रींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "हे डोंगर कवाचे?"

"गन होती तेव्हाचे."

"न् हे सपाट?"

"ओल्या चिंधीचे. काका, त्या दिवशी मी बोलले तसं बोलायला नको होतं. माफ करा."

मिस्त्री खोकले. पुन्हा डोंगरांवरून बोट फिरवलं. मग सदऱ्याचं वरचं बटण लावून मान वर केली. "मना लाव ते मशीन."

योगिनीने नळी लावली. मिस्त्री बादलीपाशी बसले, ब्रश भिजवला आणि देवाची मूर्ती धुवावी तसा एक ड्रम धुतला. दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते, "किती झालं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"याचं किती आलेलं?" त्यांनी मुलाकडे अंगठा केला.

"एक्क्याऐंशी."

मिस्त्रींनी ब्रश आणखी भिजवला. हात आणखी हलका केला. श्वाससुद्धा बेताने घ्यायला लागले. पडद्यावर चौसष्ट आला तेव्हा ते उठून थेट रिक्षा स्टँडवर गेले. "बघा रं! पोराला हरवला!" रिक्षावाल्यांना हरवला कशात ते कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येऊन मिस्त्री पाच दिवसांत पहिल्यांदा मुलाशी बोलले. "बघत काय उभा? पोरीला चाय आण. चांगल्या कपातून."

"आणि उद्या डॉक्टरकडे यायचं," धनेश म्हणाला.

"येतो. आधी चाय."

निघताना योगिनीने कोरा फॉर्म धनेशच्या हातात दिला. "कारण लिहा. खरं लिहा. मॅडम वाचणार आहेत."

"खरं म्हणजे… सगळं?"

"चार मिनिटांपुरतं."

दुसऱ्या दिवशी पुलाच्या पायथ्याशी त्याने बंद पाकीट दिलं आणि पळाला. योगिनीने ते तिथेच उघडलं. अक्षर शाळेतल्या पोरासारखं गोल, कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा.

'मी, धनेश सीताराम मढवी, वय २९, लिहून देतो की रोज संध्याकाळी पावणेसात वाजता मी सदर ठिकाणी थांबत होतो. तिथे माझं काहीही काम नव्हतं. योगिनी मॅडम त्या वेळी गॅलरीत येतात. दिवसभर मशीन माझ्या नाकाशी असायचं, पण श्वास घेतल्यासारखं तिथेच वाटायचं. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं, तरी त्यांना मार्क कमी करू नयेत. गाडी बंद ठेवत होतो, त्यामुळे माझ्यामुळे तिथे प्रदूषण झालेलं नाही. त्यांना त्रास झाला असेल तर परत थांबणार नाही.'

तिने तो कागद चार वेळा वाचला. 

डॉ. गाडगीळांनी तो दोनदा वाचला, फाइलला लावला आणि म्हणाल्या, "नोंद ग्राह्य. शुद्धलेखनही चांगलं आहे." मग थांबून, फाइलमधून नजर न उचलता, "मूळ प्रत इथे राहील. तुला हवी असेल तर झेरॉक्स काढून घे."

योगिनीने दोन काढल्या.

*

रविवारी संध्याकाळी तिने त्याला ठाण्याला मासुंदा तलावावर बोलावलं. तो अर्धा तास आधीच येऊन उभा होता. हात मागे लपवलेले.

"बाबांना डॉक्टरांनी औषध दिलंय," त्याने आल्या आल्या सांगितलं, जणू दुसरं काही बोलायची सोय नव्हती. "छाती तपासली. वेळेत आलात म्हणाले. फुंकायचं नाही, बाकी काम करा."

"बरं झालं. बोटीत बसू या?"

पायडलची बोट होती, बदकाच्या तोंडाची. दोघं पाय मारत तलावाच्या मधोमध गेले. काठावर भेळवाल्यांचे दिवे लागले होते आणि पाण्यात त्यांची लांब लांब पिवळी बोटं थरथरत होती. धनेश उजवीकडे बघत होता. योगिनी डावीकडे. समोर कुणीच बघत नव्हतं आणि बोट जाऊन दुसऱ्या बोटीवर धडकली. त्या बोटीतल्या आजोबांची टोपी पाण्यात पडता पडता राहिली.

"अरे, पुढे बघून चालव ना!" शेजारच्या आजी कडाडल्या.

"सॉरी आजी. ब्रेक लागला नाही."

"बोटीला ब्रेक असतो होय रे?" आजींनी योगिनीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि आजोबांच्या मांडीवर चापट मारून म्हणाल्या, "चला हो तुम्ही तिकडे."

आजींची बोट लांब गेली. योगिनी हसत होती, आणि हसता हसता तिने पाहिलं की तो अजून हात लपवतोय.

"हात दाखव," ती म्हणाली.

तिने पहिल्यांदाच त्याला 'अरे-तुरे' केलं होतं. त्याने हळूच हात पुढे केले. घासलेटने, साबणाने, कशाकशाने घासून लाल केलेले. तरी नखांच्या कडांना काळी रेघ होतीच.

"नाही निघत," तो ओशाळून म्हणाला. "तासभर घासले."

"नको घासूस एवढे." तिने त्यातला एक हात घेतला आणि आपल्या ओढणीवर, मांडीवर ठेवला. "धनेश, मला आवडतोस तू. क्लिप उलटी लागायची ना, ती लागत नव्हती. मी लावत होते."

धनेशने बोलायला तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"श्वास घे," योगिनी म्हणाली.

त्याने घेतला. "मी… मी लिहिलंय ना सगळं. तेवढंच येतं मला. आणि तुझ्या घरी? मेकॅनिक म्हटल्यावर…"

"आईला सांगितलंय. आधी म्हणाली, बघत होतीस ते ब्रेक याचे होते का?  मग विचारलं, गोड खातो का." योगिनीने एकदा पायडल मारलं. "बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही. पण पुढच्या रविवारी चहाला बोलाव म्हणालेत. ते अवघड प्रश्न विचारतील. येशील?"

"वर? घरात?"

"घरात. किती वाजता येशील ते तू ठरव."

धनेशचे पाय थांबले. योगिनीचेही. बोट आपल्या मर्जीने हळूहळू गोल फिरायला लागली. कधी भेळवाल्यांचे दिवे समोर, कधी देवळाचा कळस, कधी नुसतंच काळं पाणी. काठावरच्या बोटवाल्याने वेळ संपली म्हणून शिट्टी मारली. पुन्हा मारली. मग लाउडस्पीकरवरून बोट नंबर सातला तीनदा पुकारलं. बोट नंबर सातमधल्या कुणीही पाय हलवला नाही.